बोलता येतंय तोवर

‘यावर औषध नाही. घरी न्या, सेवा करा.’

मेंदूचा किंवा मज्जासंस्थेचा बरा न होणारा आजार ज्या घरात शिरला, त्या घराने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. सांगणारा डॉक्टर निष्ठुर नसतो. बाहेर रांग लागलेली असते, आणि आजार मुळापासून घालवणारं औषध त्याच्याकडे खरोखरच नसतं. घरच्यांची परीक्षा त्यानंतर सुरू होते. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा? ठसका लागू नये म्हणून घास कसा भरवायचा? कुशीवर किती वेळाने वळवायचं? रात्री दोन वाजता श्वास लागला, तर कुणाला फोन करायचा? सतत गळणाऱ्या लाळेचं काय करायचं? आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला स्वतःला काय हवं आहे, हे त्याला कधी विचारायचं?

या प्रश्नांची उत्तरं देणारी एक वैद्यकशाखा आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कुणी उपशामक सेवा म्हणतं, कुणी परिहार सेवा. आजार बरा होवो वा न होवो, त्याच्यामुळे होणारा त्रास कमी करणं हे तिचं काम. वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप उडणं हे शरीराचे त्रास तर त्यात येतातच, शिवाय भीती, एकटेपणा, पैशांची ओढाताण आणि घरच्यांचा थकवाही येतो. मात्र या सेवेबद्दल आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, की ती कर्करोगाच्या रुग्णासाठी असते आणि शेवटच्या काही दिवसांसाठी असते. मज्जासंस्थेच्या आजारांत ही समजूत फार महागात पडते. कारण या आजारांत जीव जाण्याच्या कितीतरी आधी वाचा जाते, गिळणं जातं, स्मृती आणि निर्णयशक्ती जाते. शेवटच्या आठवड्यात विचारायला गेलं, तर उत्तर देणारं माणूस समोर असूनही उत्तर मिळत नाही.

कर्करोगाच्या सावलीत

आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना सांभाळणाऱ्या सेवाकेंद्राची, सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये झाली. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी वैद्यकाचं शिक्षण घेऊन डॉक्टर. वेदना फक्त शरीराची नसते. मन, नाती आणि श्रद्धा यांतही ती मुरलेली असते, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या हॉस्पिसमध्ये सुरुवातीच्या काळापासून कर्करोगाबरोबर मोटर न्यूरॉन डिसीजचे, म्हणजे एमएनडीचे रुग्णही होते. मज्जासंस्थेचे आजार या शाखेत मागाहून आलेले पाहुणे नाहीत. ते तिच्या जन्मापासून घरातलेच आहेत.

भारतात मात्र ही चळवळ कर्करोगाच्या वाटेने आली. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे इथे १९९७ मध्ये सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर उभं राहिलं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. या संस्थांनी हजारो घरांना आधार दिला, आणि त्यांच्यामुळेच आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द कानांवर आला. पण तो आला तो कर्करोगाशी जोडला जाऊनच. कंपवाताच्या, एमएनडीच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी हा शब्द उच्चारला, तर पहिली प्रतिक्रिया अजूनही हीच असते: ‘पण यांना कॅन्सर नाही हो!’

डॉक्टरांच्या जगातही हा बदल सावकाश झाला. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने १९९६ साली जाहीर केलं, की पॅलिएटिव्ह केअरची तत्त्वं समजून घेणं आणि वापरणं हे न्यूरॉलॉजिस्टचं कर्तव्य आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने मज्जासंस्थेच्या आजारांसाठी अशा सेवेचं काम हाती घेतलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते, आणि ती मिळते त्यांपैकी साधारण १४ टक्के लोकांना. ज्यांना मिळत नाही, त्यांतले बहुतेक आपल्यासारख्या देशांत राहतात.

एमएनडी: निर्णयांची घाई

वाचा जाण्याआधी विचारण्याचा मुद्दा सर्वांत लख्ख दिसतो तो एमएनडीमध्ये. जाँ-मार्तां शार्को या फ्रेंच वैद्याने १८६९ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हातातून कप निसटतो, चप्पल पायातून गळून पडते, जीभ जड होते, गिळताना ठसका लागतो आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. स्पर्श कळतो, दुखणं कळतं, डोळे बहुधा शेवटपर्यंत हलतात आणि पुष्कळ रुग्णांची बुद्धी शाबूत असते. पहिलं लक्षण दिसल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. स्टीफन हॉकिंग १९६३ मध्ये निदान झाल्यावर २०१८ पर्यंत जगले, पण तो अत्यंत दुर्मीळ अपवाद. रिल्यूझोल हे औषध १९९५ पासून वापरात आहे. ते आयुष्य सरासरी काही महिन्यांनी वाढवतं.

औषधाचा हिशोब इथे संपतो, तरी करण्यासारखं खूप उरतं. लाळ कमी करायला ग्लायकोपायरोलेट किंवा अमिट्रिप्टिलीनसारखी स्वस्त औषधं आहेत. गोळे येतात, स्नायू ताठरतात, त्यांवर औषधं आणि व्यायाम आहेत. रुग्ण कारण नसताना हसत सुटतो किंवा रडू लागतो, तेव्हा घरचे हादरतात, ‘मनावर परिणाम झाला’ म्हणतात. तो आजाराचाच भाग आहे आणि त्यावरही उपचार आहे, एवढं कळलं तरी घर शांत होतं. सकाळी डोकं दुखतं, रात्री झोप मोडते, दिवसा डुलक्या लागतात, ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची खूण असते. तोंडा-नाकावर मास्क लावून हवा देणारं बायपॅप यंत्र तेव्हा मोठा आराम देतं. ज्यांच्या घशाचे स्नायू फार दुबळे झालेले नाहीत, त्यांचं आयुष्यही त्याने काही महिने वाढतं, हे इंग्लंडमधल्या २००६ सालच्या अभ्यासात दिसलं.

यातला प्रत्येक उपाय वेळेशी बांधलेला आहे. पोटातून थेट जठरात अन्न घालणारी पेग नळी बसवायची, तर श्वासाची ताकद निम्म्याखाली जाण्याआधी बसवलेली बरी; नंतर धोका वाढतो. आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, तर शब्द स्पष्ट उमटताहेत तोवर. आणि सर्वांत अवघड प्रश्न: पुढे श्वास थांबू लागला, तर गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटरवर जायचं का? काहींना ते हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. हा प्रश्न न विचारताच राहून गेला, की त्याचं उत्तर एखाद्या रात्री अपघात विभागात घाईघाईने दिलं जातं. धापा टाकणाऱ्या माणसाला पाहून कुणीही ‘काहीही करा’ असंच म्हणणार. मग ज्याला कधीच यंत्रावर राहायचं नव्हतं तो महिनोन्‌महिने यंत्रावर राहतो, आणि जमीन विकायची वेळ येते.

वाचा गेल्यावरही बोलता येतं. नजरेने चालणारे संगणक महाग आहेत, पण पुठ्ठ्यावर लिहिलेली वर्णमाला फुकट आहे, आणि आपली वर्णमाला या कामाला विलक्षण सोयीची आहे. घरच्याने विचारायचं, ‘क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?’ रुग्णाने योग्य ओळीला पापणी मिटायची. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. सरावाने वाक्यं तयार होतात. मात्र हा सराव जीभ चालते आहे तोवर सुरू केला, तरच पुढे कामी येतो.

कंपवात: घड्याळाच्या काट्यावर

कंपवात हा लांब पल्ल्याचा आजार. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. लेव्होडोपा हे औषध आल्यावर रुग्ण वर्षानुवर्षं चांगले जगू लागले. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या आधारगटांनी व्यायाम, नृत्य, सहली आणि व्याख्यानं यांतून दाखवून दिलं, की निदान झालं म्हणजे माणूस कोपऱ्यात बसत नाही. हे मोठं काम आहे. पण आजाराच्या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायला आपण सगळेच कचरतो.

त्या टप्प्यात कंपापेक्षा इतर त्रास जास्त छळतात: बद्धकोष्ठता, उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर, रात्रीचे भास, खिन्नता, तोल जाणं, गिळण्यातली अडचण. अन्न वा लाळ श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचं एक नेहमीचं कारण. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास आणि दोन घासांत पुरेसा वेळ ही खबरदारी घरात शिकवता येते. पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वांत आधी चुकीच्या वाटेने जातो. त्या मानाने घट्टसर पेज किंवा खिमट सहज उतरतं.

रुग्णालयात दाखल होताना आणखी जपावं लागतं. कंपवाताच्या गोळ्या ठरल्या वेळीच लागतात; वॉर्डाच्या फेरीची वाट पाहत डोस लांबला, तर माणूस लाकडासारखा आखडतो. गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि भास किंवा गोंधळ झाला की दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही औषधं कंपवात बिघडवतात. हॅलोपेरिडॉल हे तर कर्करोगाच्या पॅलिएटिव्ह केअरमधलं रोजच्या वापरातलं औषध. म्हणून कर्करोगासाठी घडवलेली सेवा जशीच्या तशी उचलून चालत नाही. या आजारांची माहिती असलेले हात लागतात. घरच्यांनी औषधांच्या वेळा आणि टाळायच्या औषधांची नावं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावीत.

हे सगळं नीट जुळवलं, तर काय होतं? अमेरिकेत बेन्झी क्लूगर आणि सहकाऱ्यांनी कंपवात व तत्सम आजारांच्या २१० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअरची जोड मिळालेल्या रुग्णांचं जगणं सुसह्य झालं आणि त्यांचे त्रास कमी झाले. कुणीही औषधोपचार सोडलेले नव्हते. दोन्ही हातात हात घालून चालत होते.

स्मृतिभ्रंश आणि गोव्याचा धडा

भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारात दुखतंय हे सांगण्याची क्षमताच हरवते. आजी कपडे बदलताना ओरडतात, हात झटकतात, घरचे म्हणतात हट्टीपणा वाढला. प्रत्यक्षात खांदा दुखत असतो, दाढ किडलेली असते किंवा चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. श्वासाची लय, चेहऱ्यावरच्या आठ्या, कण्हणं, अंग आक्रसणं, जवळ घेतल्यावर शांत होणं की न होणं, यांवरून वेदना ओळखता येते. साध्या पॅरासिटामॉलने ‘स्वभाव’ बदलल्याचं पाहायला मिळतं.

शेवटच्या टप्प्यात खाणं कमी होतं, आणि घरात सर्वांत मोठा वाद पेटतो तो नाकातल्या नळीवरून. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ हा प्रश्न आपल्या संस्कारांच्या मुळाशी जातो. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा मिळालेला नाही. उलट नळी उपसली जाऊ नये म्हणून हात बांधले जातात. हाताने, रुग्णाला झेपेल तेवढं, आवडीचं भरवत राहणं हाच वैद्यकीय सल्ला आहे. मऊ भाताचे चार घास आणि जिभेवर टेकवलेला श्रीखंडाचा चमचा ही उपासमार नव्हे.

आणि भरवणारी कोण? बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा लेक. तिची झोप, तिची पाठ, तिची नोकरी या आजारात खर्ची पडते. गोव्यात अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक साध्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं. त्यांनी आजार समजावून सांगितला, वागणुकीतल्या अडचणी कशा हाताळायच्या ते शिकवलं, सरकारी योजनांची माहिती दिली आणि ऐकून घेतलं. सहा महिन्यांत काळजीवाहकांच्या मनावरचा ताण ठळकपणे कमी झाला. महागडं यंत्र नाही, मोठं रुग्णालय नाही. नीट शिकवलेलं एक माणूस दारात येतं, एवढ्यावर हे झालं. कोकणी-मराठी घरांमध्ये, आपल्याच किनाऱ्यावर सिद्ध झालेली ही गोष्ट महाराष्ट्राच्या गावागावांत का पोहोचू नये?

अरुणा शानभाग यांनी काय शिकवलं

या विषयावर मराठी माणसाला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानभाग यांना बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर रुग्णालयाच्याच आवारात हल्ला झाला. साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्याने केली आहे, त्याला या वाक्याचं वजन कळेल.

अरुणा यांचं भरवणं थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केली होती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली, पण कठोर अटींसह कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाट मान्य केली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच कळणं शक्य नव्हतं. त्यांना विचारायची संधीच आयुष्याने दिली नाही. कंपवात, एमएनडी, स्मृतिभ्रंश हे आजार ती संधी देतात. कधी काही महिने, कधी कित्येक वर्षं. ती आपण गप्प राहून घालवतो.

कायदा आता बराच पुढे आला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’, म्हणजे उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र, मान्य केलं. आधीची किचकट प्रक्रिया २०२३ मध्ये सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यायचं आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लिहायची. पुढे प्रसंग आलाच, तर प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं तपासून मत देतात. ही इच्छापत्रं सांभाळायला सरकारने माणसं नेमावीत, यासाठी मुंबईचे डॉ. निखिल दातार न्यायालयात गेले. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र जाहीरपणे नोंदवलं. यात जीव घेणं कुठेही नाही. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं आणि त्या वाटेवर त्रास होऊ न देणं, एवढंच आहे.

औषध, माणसं आणि मागणी

त्रास होऊ न देण्यासाठी मॉर्फिन लागतं. शेवटच्या काळातली धाप कमी करायला त्याची अगदी छोटी मात्रा पुरते आणि योग्य मात्रेत ते श्वास बंद पाडत नाही. औषधासाठी अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर आपल्या दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ गायब झालं. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याची वाट मोकळी झाली. अनेक डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या मनातली भीती मात्र अजून गेलेली नाही.

केरळने माणसांचा प्रश्न सोडवून दाखवला. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पंचायत, परिचारिका आणि गावचे स्वयंसेवक यांचं जाळं उभं राहिलं. २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं. परिचारिका घरी येते, पक्षाघाताने झोपून असलेल्या माणसाची नळी बदलते, जखम पाहते, सुनेशी बोलते. महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायुक्षय यांचा समावेश आहे. कागद तयार आहे. त्यावरचं काम दारापर्यंत आणायचं आहे.

म्हणून मागण्या नेमक्या करायला हव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देऊ शकणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. प्रत्येक न्यूरॉलॉजी विभागात निदानाच्या दिवशीच कुटुंबाशी बोलणारी परिचारिका वा समाजसेवक असावा. आशाताईंना बेडसोअर, गिळणं आणि नळीची निगा यांचं शिक्षण मिळावं. काळजीवाहकाला वर्षातून काही दिवस मोकळीक मिळावी म्हणून रुग्णाला तात्पुरतं ठेवता येईल अशा खाटा असाव्यात, आणि तिथे ‘कर्करोग नाही’ म्हणून कुणाला परत पाठवलं जाऊ नये.

घराच्या वाट्याचं काम मात्र सरकारची वाट पाहत थांबू शकत नाही. दिवाळीत घर भरलेलं असतं. मुलं पुण्याहून, बंगळुरूहून, परदेशातून आलेली असतात. ज्या घरात असा आजार आहे, तिथे या चार दिवसांत एक संध्याकाळ काढावी, आणि आजारी माणसाच्या पाठीमागे नव्हे, त्याच्याच शेजारी बसून विचारावं: ‘बाबा, तुम्हाला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते? काय झालं तर चालेल, काय मुळीच नको? शेवटी घरी राहायचं की दवाखान्यात? तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कुणी बोलावं?’ पहिल्यांदा विचारताना आवाज कापेल. बाबा कदाचित विषय बदलतील; मग पुन्हा विचारावं. मिळालेली उत्तरं तारखेसह लिहून, सही घेऊन, औषधांच्या कागदाशेजारी ठेवावीत, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावीत. ज्या माणसाने आयुष्यभर घरातले निर्णय घेतले, त्याच्या स्वतःच्या शेवटाचा निर्णय त्याच्यावाचून होऊ नये. सेवेचा आरंभ या प्रश्नांपासून होतो, आणि तो आज करता येतो.